फवारणीच्या विषाचा हिशेब कोण ठेवतं?



आपल्याकडे तापाच्या गोळीलाही औषध म्हणतात आणि कपाशीवर, तुरीवर, वांग्यावर मारतात त्यालाही औषधच म्हणतात. "आज आमच्या रानात औषध मारायचंय," असं आपण सहज बोलून जातो. पण त्यातल्या जहाल बाटल्यांवर लाल अक्षरांत 'विष' असं छापलेलं असतं आणि शेजारी कवटी आणि दोन हाडांचं चित्र असतं. हे चित्र कंपनीने आपणहून काढलेलं नाही, कायद्याने काढायला लावलेलं आहे. आणि तो कायदा यायच्या आधी शंभरावर माणसं जिवाला मुकली होती.

आजच्या भागात आम्ही हा इतिहास सांगणार आहोत. तो केरळात सुरू होतो, भोपाळला जातो, परत केरळात येतो आणि शेवटी आपल्या यवतमाळात पोचतो. सगळीकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. एखाद्या रसायनाने माणूस आजारी पडला, तर ते सिद्ध कुणी करायचं? विकणाऱ्याने की आजारी पडणाऱ्याने? हा प्रश्न वकिलांचा वाटतो, पण त्याचं उत्तर कुठे कुठे साध्या वहीत लिहिलेल्या नोंदींनी मिळालं आहे. ते कसं, तेही सांगू.

एकाच जहाजात पीठ आणि विष

1958 सालची गोष्ट. केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात लोक अचानक आजारी पडू लागले. उलट्या, घाम, तोंडाला फेस, श्वास कोंडणं. आजारी पडलेल्यांमध्ये शंभरच्या वर माणसं दगावली. आधी कुणाला वाटलं साथ आली. मग कळलं की या सगळ्यांनी बाहेरून आलेल्या गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाल्ले होते. ते पीठ ज्या जहाजातून आलं, त्याच जहाजात पॅराथिऑन हे कीटकनाशक भरलेलं होतं. ते सांडलं आणि पिठाच्या पोत्यांत मुरलं. पॅराथिऑनचं बाजारातलं नाव फॉलिडॉल. आपल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, फॉलिडॉल आणि एंड्रिन ही दोन नावं त्यांना अजून आठवतील.

त्या काळात ही रसायनं नवी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचं फार कौतुक झालं होतं. डीडीटीने किडे मरतात हा शोध लावणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशात 1953 साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं जाऊ लागलं. हिवतापाने खरोखरच लाखो माणसं मरत होती आणि त्या फवारणीने ती संख्या खूप खाली आली. हेही इतिहासात लिहिलं पाहिजे. रसायनांनी माणसं वाचवली, पीक वाचवलं, म्हणूनच लोकांनी आणि सरकारांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. पण हे विष कुठे ठेवायचं, कशाबरोबर न्यायचं, बाटलीवर काय लिहायचं, कुणी विकायचं, याचा देशभर लागू असा नियम 1958 साली नव्हता. पीठ आणि विष एका जहाजात भरणाऱ्याला अडवणारंच कुणी नव्हतं.

त्या मृत्यूंनंतर केंद्र सरकारने न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे तज्ज्ञांची समिती बसली. शेवटी 1968 साली कीटकनाशक कायदा झाला आणि त्याचे नियम आले 1971 साली. म्हणजे माणसं मेल्यापासून नियम हातात येईपर्यंत तेरा वर्षं गेली.

या कायद्याने काय केलं? प्रत्येक कीटकनाशकाची दिल्लीत नोंदणी झाल्याशिवाय ते बनवता किंवा विकता येणार नाही, असं ठरवलं. विकणाऱ्याला परवाना लागेल, असं ठरवलं. आणि बाटलीवर रंगाची खूण आली. तुम्ही पाहिली असेल, कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग बघून "हे चांगलं आहे" असं समजायचं नाही. त्याचा अर्थ इतकाच की बाकीच्यांपेक्षा ते कमी विषारी आहे.

या कायद्यात एक कलम आहे, त्याच्याकडे आम्हाला तुमचं लक्ष वेधायचं आहे. कलम 26. राज्य सरकार या कलमाखाली ठरवून देऊ शकतं की विषबाधा झाल्याचं ज्याच्या कानावर येईल, त्याने ते कळवलं पाहिजे. कायदा लिहिणाऱ्यांना 1968 सालीच माहीत होतं की नोंद झाली नाही तर विष किती माणसांना लागतंय हे कधीच कळणार नाही. ही गोष्ट पुढच्या हकिगतींसाठी लक्षात ठेवा.

भोपाळची ती रात्र

भोपाळचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथल्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. पण तो कारखाना कशाचा होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो कीटकनाशकाचा कारखाना होता. पिकावर मारायचं औषध तिथे बनत होतं.

भोपाळनंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. 1989 साली धोकादायक रसायनं बनवण्याचे आणि साठवण्याचे नियम आले. इथेही क्रम तोच, आधी मरण आणि मागून कायदा. भोपाळच्या बायकांनी मात्र कायद्याची वाट बघत बसायचं नाकारलं. वायूने आजारी झालेल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी बायकांची संघटना बांधली आणि 1989 साली त्या बायका लेकराबाळांसह भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. 2004 साली त्या दोघींना गोल्डमन हा पर्यावरणाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भोपाळला निदान सगळ्या जगाने पाहिलं होतं की वायू कुठून आला. जिथे विष हळूहळू, वर्षानुवर्षं अंगात जातं, तिथे सिद्ध करणं फार कठीण होतं. ते समजण्यासाठी आपण परत केरळात जाऊ.

काजूच्या डोंगराखालची गावं

केरळच्या उत्तर टोकाला कासरगोड जिल्हा आहे. तिथे डोंगरांवर सरकारी मळे महामंडळाच्या काजूच्या बागा आहेत, सुमारे 4,600 हेक्टर. काजूवर एक कीड येते. कोकणात तिला ढेकण्या म्हणतात. ती कोवळा मोहोर आणि पालवी शोषते. तिला मारायला या बागांवर 1970 च्या दशकाच्या मध्यापासून हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं जाऊ लागलं. वर्षातून दोन-तीन वेळा, असं 2000 सालापर्यंत चाललं.

डोंगराच्या पायथ्याला आणि उतारांवर गावं होती. तिथल्या लोकांची पाण्याची सोय वेगळी आहे. डोंगराच्या पोटात आडवं खणत जायचं आणि झिरपणारं पाणी बाहेर आणायचं. त्याला तिथे सुरंगम म्हणतात. म्हणजे डोंगरावर जे पडेल, ते पावसाबरोबर ओढ्यात आणि पिण्याच्या पाण्यात येणार. हवाई फवारणी करताना विहिरी झाका, जनावरं बाहेर सोडू नका, असे नियम कागदावर असतात. पण ओढा झाकता येत नाही. डोंगराच्या पोटातलं पाणीही झाकता येत नाही.

सगळ्यांत आधी दिसलं ते जनावरांत. 1980 च्या सुमारास श्री पद्रे या शेतीवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी आपल्या भागात वाकड्या पायांची वासरं जन्मतात, हे लिहिलं. त्यांच्या लिखाणाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पद्रे गावात डॉ. मोहनकुमार दवाखाना चालवत. एकाच भागातून, एकाच ओढ्याच्या काठच्या घरांतून त्यांच्याकडे बौद्धिक वाढ खुंटलेली मुलं, झटके येणारे रुग्ण, कर्करोगाचे रुग्ण जास्त येतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. आधी त्यांना वाटलं पाण्यात एखादा धातू असेल किंवा नात्यात लग्नं होत असतील. त्यांनी घरोघरच्या आजारांची यादी केली. यादी समोर ठेवल्यावर दिसलं की आजार काजूच्या बागेभोवती गोळा झालेले आहेत. मग त्यांनी त्याबद्दल लिहायला आणि बोलायला सुरुवात केली.

त्याच जिल्ह्यात पेरिया नावाच्या गावी लीलाकुमारी अम्मा राहत होत्या. त्या सरकारच्या कृषी खात्यात नोकरीला होत्या. शेतकऱ्यांना सल्ला देणं हेच त्यांचं काम होतं. त्यांनी काजूच्या बागेजवळ घर बांधलं आणि राहायला गेल्यावर घरात आजारपण सुरू झालं. त्यांचा स्वतःचा आवाज बसला. त्यांनी अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, शेजाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. उपयोग होईना, तेव्हा 1998 साली त्या होसदुर्गच्या मुन्सिफ न्यायालयात गेल्या. मुन्सिफ न्यायालय म्हणजे अगदी खालचं, तालुक्याच्या ठिकाणचं दिवाणी न्यायालय. समोर सरकारी महामंडळ होतं आणि या स्वतः सरकारी नोकर. ऑक्टोबर 2000 मध्ये त्या न्यायालयाने हेलिकॉप्टरची फवारणी थांबवण्याचा आदेश दिला. वीस-पंचवीस वर्षं चाललेली फवारणी तालुक्याच्या न्यायालयात गेलेल्या एका बाईच्या दाव्याने थांबली.

पुरावा पुरेसा नाही

फवारणी थांबली, पण वाद थांबला नाही. अहमदाबादला व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पद्रे गावातली शाळकरी मुलं तपासली आणि त्यांची तुलना काही अंतरावरच्या मींजा या गावातल्या मुलांशी केली. तिथे हवाई फवारणी नव्हती. ही तुलना का करतात, ते समजून घेऊ. आजार सगळ्याच गावांत असतात. खाणं, हवा, राहणी सारखी आणि फरक फक्त फवारणीचा, अशी दोन गावं शेजारी शेजारी ठेवली, तरच फवारणीचा परिणाम दिसू शकतो. पद्रेच्या मुलांत शिकण्याच्या अडचणी आणि जन्मतःची व्यंगं जास्त आढळली, असा अहवाल त्यांनी 2002 साली दिला.

पण 2003 साली केंद्राच्या दुबे समितीने सांगितलं की एंडोसल्फान आणि हे आजार यांचा संबंध सिद्ध होत नाही. आणखी समित्या बसल्या. सगळ्या आजारांचं खापर एका रसायनावर फोडता येत नाही, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. एका माणसाच्या आजाराला दहा कारणं असतात. फवारणी झाली तेव्हा कुणी रक्त तपासलेलं नसतं, पाणी तपासलेलं नसतं आणि वीस वर्षांनी शास्त्रज्ञ आले तर त्यांना काय सापडणार?

इथेच आपला सुरुवातीचा प्रश्न येतो. पुरावा पुरता नाही, मग संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? रसायनाला की मुलांना? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर 1996 सालीच दिलं होतं. तमिळनाडूत वेल्लोर भागात चामड्याच्या कारखान्यांनी नदी आणि विहिरी खराब केल्या होत्या. त्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की गंभीर हानीचा धोका असेल, तर शास्त्राचा पुरावा अपुरा आहे म्हणून हातावर हात धरून बसायचं नाही. आपल्या कामाने नुकसान होत नाही, हे उद्योग करणाऱ्याने सिद्ध करायचं. याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात. आपल्या रोजच्या व्यवहारात हे आपण पाळतोच. दुधाला वास आला तर त्याची तपासणी होईपर्यंत आपण ते लेकराला पाजत नाही.

2011 च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला देशोदेशींची बैठक झाली. न विरघळता, न संपता वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा स्टॉकहोम करार आहे, त्याची ती बैठक. एंडोसल्फान जगातून हद्दपार करायचं ठरलं. भारत एंडोसल्फान बनवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक होता आणि आपल्या सरकारने आधी या बंदीला विरोध केला होता. शेवटी काही पिकांसाठी मुदत घेऊन भारताने होकार दिला. त्यानंतर काहीच दिवसांत, 13 मे 2011 रोजी, केरळातल्या एका युवक संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानचं उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबवला. जगण्याचा हक्क आणि सावधगिरीचं तत्त्व या दोन गोष्टींचा आधार न्यायालयाने घेतला. आपल्या कापसाच्या पट्ट्यातही तोवर एंडोसल्फान दुकानात सर्रास मिळत होतं.

जानेवारी 2017 मध्ये न्यायालयाने केरळ सरकारला सांगितलं की बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये तीन महिन्यांत द्या. तरीही 2022 साली न्यायालयाला सरकारला पुन्हा खडसवावं लागलं, कारण बहुतेकांच्या हाती ती रक्कम पडलेली नव्हती. आणि ती रक्कम कुणाला मिळणार? सरकारने घेतलेल्या वैद्यकीय शिबिरांत ज्यांची नावं लागली, त्यांना. म्हणून तिथल्या आया वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी आंदोलन करत राहिल्या. आमच्या लेकराचं नाव यादीत घाला.

यवतमाळचा 2017 चा पावसाळा

आता आपल्या घरी येऊ. 2017 च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. कुणाला दिसेनासं झालं, कुणाला श्वास घेता येईना, कुणी बेशुद्ध. शेकडो माणसं दाखल झाली आणि एकट्या या जिल्ह्यात 20 हून अधिक जीव गेले. त्या वर्षी बोंडअळी होती, रसशोषक किडी होत्या, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. उंच झाडांवर फवारलं की तुषार तोंडावर आणि छातीवर येतो. हवा दमट, अंगाला घाम, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली आणि पंपही जोरात फेकणारे. विष अंगात जायला नाकातोंडाचाच रस्ता लागतो असं नाही. घामाने ओल्या झालेल्या कातडीतूनही ते आत जातं.

मग चर्चा सुरू झाली ती मास्क आणि हातमोज्यांची. मजुरांनी ते घातले नाहीत, अशी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची कीटकनाशकांबद्दल आचारसंहिता आहे. ती म्हणते की जी रसायनं हाताळायला महागडी, अंगावर सहन न होणारी किंवा सहज न मिळणारी साधनं लागतात, ती टाळावीत, विशेषतः उष्ण हवेच्या देशात आणि लहान शेतकरी व मजूर जिथे वापरणार आहेत तिथे. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या शेतमजुरासाठीच लिहिल्यासारखं आहे. भादव्याच्या उकाड्यात रबरी कपडे घालून दिवसभर पंप वाहणं शक्य नसेल, तर चूक मजुराची की अशा जागी असं विष विकू देणाऱ्याची?

नोव्हेंबरमध्ये, फवारणीचा मोठा हंगाम सरत आल्यावर, राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांवर बंदी घातली. ती 60 दिवसांची होती. राज्याच्या हाती तात्पुरती बंदीच असते, कायमची बंदी केंद्राच्या हाती असते.

त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं. त्याची गोष्ट ऐका. 2005 साली भाजीपाल्यावर ते मारायला सरकारने मनाई केली. म्हणजे ते किती जहाल आहे, हे तेव्हाच माहीत होतं. पण दुसऱ्या पिकांसाठी ते दुकानात राहिलं. जे दुकानात राहतं, ते घरातही येतं. 16 जुलै 2013 ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून 23 लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. त्यानंतर चार वर्षांनी यवतमाळ घडलं. त्याच्या सर्रास विकल्या जाणाऱ्या 36 टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश केंद्राने काढला 2023 साली. भाजीवरच्या बंदीपासून अठरा वर्षांनी.

यवतमाळच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी 2020 साली स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातल्या न्यायालयात गेले. तिथे मुख्यालय असलेल्या एका कंपनीच्या औषधाने हे झालं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने ते नाकारलं आहे. पण हा दावा इतक्या लांब जाऊ शकला, त्याचं एक कारण असं की यवतमाळच्या पोलिसांच्या कागदांत कोणत्या माणसाने कोणतं औषध फवारलं होतं, त्याची नावं लिहिलेली होती.

त्या कागदांत कोण नाही?

यवतमाळच्या यादीत मुख्यतः पुरुष आहेत, कारण पंप पाठीवर घेणारा पुरुष असतो. पण फवारणीच्या दिवशी बाईचं काम काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. डोक्यावरून पाणी आणायचं ते आपण. ड्रममध्ये औषध काठीने, कधी हाताने कालवायचं ते आपण. पंप भरून द्यायचा ते आपण. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला जायचं ते आपण. आणि संध्याकाळी घामाने व औषधाने भिजलेले कपडे धुवायचे तेही आपण. या कामात बाटलीतलं न पातळ केलेलं औषध सगळ्यांत जास्त हाताळलं जातं ते कालवताना.

मग आपल्याला चक्कर येते, डोकं चढतं, हाताची आग होते, पाळी बिघडते, कधी गर्भ राहत नाही. दवाखान्यात गेलो तर केस पेपरवर 'अशक्तपणा' लिहितात. फवारणीच्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, आपण सांगत नाही. यातलं सगळंच विषाने होतं असं आम्ही म्हणत नाही. पण किती विषाने होतं, हे कळायला आधी लिहावं लागेल. पद्रेच्या डॉक्टरांनी घरोघरची यादी केली नसती, तर तिथेही आजार ज्याच्या त्याच्या नशिबाचा राहिला असता.

म्हणून आमचं सांगणं असं. प्रत्येक गटाकडे बचतीची वही आहे. तिच्या शेजारी आणखी एक वही ठेवा. हंगामात फवारणी झाली की लिहा: तारीख, कोणतं पीक, बाटलीवरचं नाव आणि चौकोनातला रंग, किती औषधं एकत्र केली, कालवलं कुणी, फवारलं कुणी, कपडे कुणी धुतले, दुसऱ्या दिवशी रानात कोण गेलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कुणाला काय झालं, तेही लिहा. बाई पोटुशी किंवा अंगावर पाजणारी असेल तर तसं लिहा आणि तिला कालवण्याच्या व कपडे धुण्याच्या कामापासून लांब ठेवा. बाटलीचा फोटो काढून ठेवा आणि पावती मागून घ्या. पावती नसेल तर पुढे दुकानदार म्हणेल, हे माझ्याकडचं नाही.

कुणाला त्रास झालाच, तर आधी अंगावरचे कपडे काढा, साबणाने भरपूर पाण्यात अंग धुवा, आपल्या मनाने उलटी करायला लावू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. जाताना बाटली किंवा तिचं लेबल बरोबर घ्या, कारण डॉक्टरांचा उपचार त्यावर ठरतो. केस पेपरवर औषधाचं नाव लिहायला सांगा. "डॉक्टर, फवारणीचं औषध लागलंय, हे त्याचं नाव," एवढं स्पष्ट बोला. रिकामी बाटली तेलाला, रॉकेलला, पाण्याला वापरू नका. ती तीनदा धुवून, भोकं पाडून निकामी करा, आणि ते धुवण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

हंगाम संपला की ती वही आशाताईंना दाखवा, ग्रामसभेत वाचा आणि तिची प्रत कृषी अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला देऊन पोच घ्या. कलम 26 ची आठवण त्यांना करून द्या. 1968 चा कायदा बदलण्यासाठी 2008 आणि 2020 साली संसदेत विधेयकं मांडली गेली. बाधितांना भरपाई कशी आणि कुणी द्यायची, हा त्या चर्चेतला मोठा मुद्दा राहिला आहे. भरपाईचा नियम झाला तरी कासरगोडच्या आयांना जे विचारलं गेलं, ते आपल्यालाही विचारलं जाईल. तुमचं नाव कुठे आहे?

तुमच्या गटाने अशी वही सुरू केली, तर आम्हाला केंद्रावर कळवा. पोळ्यानंतरच्या भागात आपण त्या वह्यांतल्या नोंदी वाचू आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर ठेवू.